दुसऱ्या ऑपरेटरची जागा

भाई,

तुमचा आवाज आठवायचा तर मला आधी तुमची शिंक आठवावी लागते. तपकिरीची चिमूट, थोडी शांतता, मग लागोपाठ दोन शिंका, आणि त्यावर "हां, बोल," असं म्हणायचात, जणू इतका वेळ मीच तुम्हाला खोळंबून ठेवलं होतं. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजत बसत नाही. हे सगळं तुम्ही शिकवलेल्या ब्रेलच्या टिंबांत लिहितोय, पाटीत कागद अडकवून, टोच्याने टोचत. घरात दुसऱ्या कुणाला ही लिपी वाचता येत नाही, म्हणून मोकळेपणाने लिहायला हरकत नाही. तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलायची माझी छाती नव्हती. भांडायची होती, ती गोष्ट वेगळी.

मी तुम्हाला भेटलो तेव्हा माझे डोळे जाऊन वर्ष होत आलं होतं. ती हकिगत तुम्ही मला एकदाच विचारलीत आणि ऐकून खो खो हसलात. दुसरा कुणी हसला असता तर मी त्याचं नरडं धरलं असतं. इब्रामपूरचा मुलगा, म्हापशाच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि दिवाळीला जाळायचा आपल्या गावचा नरकासुराचा पुतळा सोडून साखळीत जातो, कारण वर्गातली एक मुलगी तिथल्या वाड्यावरची. नरकासुराच्या पोटात फटाक्यांची दारू भरायचं काम मीच मागून घेतलं. पहाटे पेटवला तर पोटातलं काही उडेना. ती समोर मैत्रिणींत उभी. मग मी वाकून बघायला गेलो. शेवटचं जे दिसलं ते तिचं तोंड असतं तर निदान त्या मूर्खपणाला काही शोभा आली असती. शेवटची दिसली ती सुतळी.

कॉलेज सुटलं. घरी मी पडवीत बसून राहायचो, आणि कुणी हळू आवाजात बोललं की ते माझ्याबद्दलच बोलतायत असं धरून आरडाओरडा करायचो. एकवीस वर्षांच्या घोड्याला आई घास भरवायची. आमच्या एसटीच्या कंडक्टरने तुम्हाला माझं सांगितलं म्हणे, आणि एका रविवारी तुम्ही एकटेच डिचोलीहून दोन बसगाड्या बदलून आमच्या दारात उभे राहिलात. "टेलिफोन ऑपरेटर," एवढीच ओळख. साखळीत खाणकंपनीच्या हापिसात बोर्डावर बसता, आणि जन्मापासून दिसत नाही, हे दुसरं वाक्य. आईने तुम्हाला जेवायला बसवलं आणि सवयीने माझ्यापुढे घास धरला. तुम्हाला ते कसं कळलं कोण जाणे. बहुतेक तिच्या बांगड्यांमुळे.

"वयनी," तुम्ही म्हणालात, "ह्येका भरवू नकात. ताट द्या हातात."

"बांगडो आसा हो. काटे आसत."

"आसूंदेत. काटो लागलो तर खोकतलो, पाणी पितलो, परत जेवतलो."

आणि मग तुम्ही स्वतःच्या ताटातला बांगडा अगदी सावकाश, चवीने सोलून खाल्लात. मी हट्टाने हात घातला. दोनदा खोकलो. आई दोन्ही वेळा उठली आणि दोन्ही वेळा तुम्ही तिला "बसा" म्हणालात. हात धुताना तुम्ही सहज सांगितलंत, "आमच्या हापिसात दुसऱ्या ऑपरेटराची जागा आसा. शिकलंस तर तुझी." ते वाक्य आईने देवासमोर दिवा लावताना कितीतरी दिवस पुटपुटलेलं मी ऐकलंय.

मी डिचोलीत तुमच्या भाड्याच्या खोलीत राहायला आलो. वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी बोर्डावर बसवाल. तुम्ही मला रस्त्यावर काढलंत. खोली ते नळ, नळ ते पाववाला, पाववाला ते बसस्टँड. "आधी कामाक पोचाक होया. मगे काम." माझ्यासारखी जी माणसं तुमच्याकडे रविवारी यायची, त्या सगळ्यांना हेच होतं. कोल्हापूरकडचा एक फिटर यायचा, खाणीवर पाय गेलेला. त्याला तुम्ही साहेबासमोर कसं बोलायचं ते शिकवत होतात, आणि मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. "मला पाय नाही" असं त्याने सुरू केलं की तुम्ही त्याला तोडायचात. "ता साहेबाक दिसता. तुका काय लागतला ता सांग." तो म्हणायचा, "बसायला उंच स्टूल लागंल. आणि हत्यारं कमरंएवढ्या फळीवर." "बस. एवढ्यार थांब. फुडे रडगाणा नको." त्याला हत्यारांच्या कोठारात काम मिळालं तेव्हा त्याने आणलेले पेढे तुम्ही सगळ्यांत वाटलेत आणि शेवटचा स्वतः खाल्लात, चोरून, पण मला वास आला.

माझं आणि तुमचं वाजायचं ते काठीवरून. पांढरी काठी तुम्ही माझ्यासाठी पहिल्याच आठवड्यात आणली होती. मी ती खाटेखाली ढकलली. कारण बस साखळीला जायची, आणि साखळीत ती वर्गातली मुलगी होती. तिने मला कुठेतरी बघितलं तर काठी ठोकत चाललेला आंधळा म्हणून बघू नये, एवढंच माझ्या डोक्यात. मी रस्ते पाठ केले. तुमच्या कोपराला हलकासा हात लावून असा चालायचो की लांबून दोन मित्र बोलत चाललेत असं वाटावं. तुम्ही एकदाच समजावलंत. "काठी तुझ्यासाठी नाय रे. लोकांसाठी. ती दिसली की ते बाजूक होतत." मी म्हटलं, मला कुणाचं बाजूला होणं नकोय. तुम्ही शिंकलात आणि विषय सोडलात.

बोर्ड मात्र मी झपाट्याने शिकलो, हे तुम्हीही कबूल कराल. फोन आला की त्या लायनीचं छोटं झाकण टक्कन खाली पडायचं. डोळस माणूस ते बघतो, तुम्ही बोटांनी हुडकायचात, आणि दुसऱ्या हाताने दोरी नेमक्या भोकात. माझी बोटं तुमच्यापेक्षा तरुण होती. डोकं जास्त तापट होतं. ते दिवस गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी या भांडणाचे. मी कडवा मराठीवाला, तुम्हाला सांगून टाकलं की मी फोन उचलला तर मराठीतच बोलणार, समोरचा कोंकणी बोलो नाहीतर आणखी काही. तुम्ही म्हणालात, "मगे तुका ऑपरेटर नाय, भाषण करणारो व्हयो." दोन दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही त्या दोन दिवसांत माझ्या वाट्याचाही चहा प्यायलात.

आणि मग तो दिवस. त्या दिवसांत रस्ते अडवायचे, कधी या बाजूचे, कधी त्या. सकाळी बसस्टँडवर एकही बस नाही. कुणीतरी म्हणालं, साखळीच्या रस्त्यावर झाडं कापून टाकलीयत. मी परत खोलीकडे वळलो. तुम्ही माझी कॉलर धरलीत.

"खंय?"

"बस नाही, भाई."

"पाय आसत मगे. आज सगळे घराक फोन करतले, घरची माणसां हापिसाक करतली. आज नाय गेलंव तर बाकीच्या दिवशी कशाक जायाचा?"

निघालो. अजून तो रस्ता माझ्या पायांत आहे. एरवी ट्रकांनी खणखणणारा, त्या दिवशी इतका गप्प की आपल्याच चपलांचा राग यावा. तुम्ही पुढे काठी ठोकताय, मी तुमच्या कोपराला धरून, आणि तुम्ही सबंध वाटेत मला लायनींचे नंबर विचारताय. पहिलं झाड येतं ते आधी वासाने येतं, ओल्या लाकडाच्या. मग माणसांचा गलका.

"ओ! खंय चल्ल्यात दोघय?"

"कामाक," तुम्ही म्हणता.

"आज कसला काम? रस्तो बंद आसा."

"रस्तो बंद आसा. फोन चालू आसा."

हशा. दुसरा एक कडक आवाज विचारतो, "तुमी मराठीवाले काय कोंकणीवाले?" माझ्या ओठावर उत्तर आलेलं, छाती फुगलेली, आणि तुम्ही माझ्या पायावर काठी दाबता. "आमी टेलिफोनवाले. जो जसो बोलात तसो उचलताव." आता तो कडक आवाजही हसतो. भांडण दोन भाषांचं, आणि अडवणारे नि अडवलेले सगळे एकाच बोलीत एकमेकांना शिव्या देतायत, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं.

दोघे तुम्हाला उचलायलाच धावले. "उचलू नकात," तुम्ही म्हणालात, अगदी त्या फिटरला शिकवलं होतं तसंच. "एकानच येवचा. तुझो खांदो दी. आनी पाय खंय ठेवू ता सांग. कसला झाड?" करंजाचं, म्हणाला तो. "जाड खंयच्या बाजून?" आणि तुम्ही पार झालात, शांतपणे, व्यासपीठावर अध्यक्ष चढावा तसे. मग माझी पाळी. आणि तेवढ्यात तिचा आवाज. ती कॉलेजच्या पोरींबरोबर तिथे होती.

"आरे, तू? हंय खंय रे?"

भाई, मी काय केलं ते तुम्हाला दिसलं नाही, पण ऐकू आलंच असणार. मी त्या माणसाचा खांदा झटकला. मान ताठ केली. जणू सगळं लख्ख दिसतंय असा झाडाला वळसा घालून निघालो, तिच्या आवाजाच्या दिशेने हसत, आणि रस्त्याकडेच्या चरात गेलो. चिखलात, कमरेपर्यंत. मग ती हसली. फिसकन, आवरता न येऊन, नरकासुराआधी वर्गात हसायची तशीच. मला वाटलं आता तिथेच पुरा मला.

तुमची काठी चराच्या काठावर वाजली. "पाय मोडलो?"

"नाही."

"मगे बसलंस कित्याक?" आणि खाली वाकून, फक्त मला ऐकू येईल असं, "हसली ता बरा झाला. रडली असती तर तुझा खरोखरच संपला असता."

मी वर आलो. तुम्ही तुमची काठी माझ्या हातात दिलीत आणि स्वतः माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "आता तू फुडे." सगळ्यांसमोर, तिच्यासमोर. चिखलाने भरलेला मी काठी ठोकत पुढे, तुम्ही मागे. ती थोडं अंतर बरोबर चालली. काय बोललो ते किरकोळ होतं, परीक्षा, कोण पास, कोण नापास. वळणावर ती म्हणाली, "बरो चलतंस रे," आणि परत फिरली. पुढे तिचं लग्न फोंड्याला झालं. मला दुःख झालं, पण ते इतर कुठल्याही पोराला होतं तसं झालं. एवढं साधं दुःख माझ्या वाट्याला परत येईल असं मला वर्षभर वाटलं नव्हतं. ते तुमच्यामुळे आलं.

हापिसात साहेब स्वतः बोर्डावर बसले होते, घामाघूम. जेटीवरून बोलणाऱ्या सुपरवायझरला त्यांनी आपल्या बायकोशी जोडून दिलं होतं, आणि दोघंही एकमेकांवर ओरडत होती. तुम्ही म्हणालात, "साहेब, उठा. माणूस आणलाय." मी चिखलाचा, काठी हातात. साहेब म्हणाले, "हा? ह्याला काय..." आणि थांबले. तुम्ही माझ्यासाठी बोलणार नव्हतात. तेव्हा मी म्हटलं, "पंखा बंद करावा लागेल, साहेब, झाकणाचा आवाज ऐकू येत नाही. आणि आज कुणी हे टेबल हलवू नये." एवढ्यावर थांबलो.

संध्याकाळपर्यंत बसलो. वाड्यावाड्यांतल्या दुकानांतून बायका फोन करत होत्या, आमचो ट्रक खंय अडकला, आमचो माणूस जेवलो काय. ज्या बोलीत त्यांनी विचारलं त्या बोलीत मी सांगत गेलो, मराठी झेंडा कुठे ठेवला ते मला आठवलंही नाही. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतात. एकदाही आत आला नाहीत. तुमच्या शिंका तेवढ्या ऐकू यायच्या, आणि त्या ऐकू येत तोवर मला धीर असायचा.

महिन्याभरात हातात नेमणुकीचा कागद पडला. गोवा घटकराज्य झालं तेव्हा मी पगारी माणूस होतो, आईला लुगडं घेऊन इब्रामपूरला गेलो होतो. आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात, तापाने, हापिसातली खुर्ची पुसून ठेवून. तुमच्या तेराव्याला साहेब माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, दुसऱ्या ऑपरेटरची जागा कधी नव्हतीच. तुम्ही दर महिन्याला विचारायचात, ते दर महिन्याला नाही म्हणायचे. रस्ते अडवले होते त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी ती निर्माण केली. म्हणजे तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात बांगडा खाऊन हात धुताना जे सांगितलंत, त्याला काही आधार नव्हता. मला राग यायला हवा होता. मी पानावर बसून वेड्यासारखा हसलो, आणि तुमच्या घरच्यांना वाटलं मी रडतोय.

बोर्ड कधीच भंगारात गेला. मीही निवृत्त झालो. माणसं अजून येतात माझ्याकडे, रविवारी. परवा केरीहून एका बाईचा फोन आला. हॉटेलात स्वयंपाक करायची, साखरेच्या आजाराने डोळे गेले, घरात सून आता चुलीजवळ येऊ देत नाही. तिने विचारलं, माझ्यासारखीला काय काम असतं का. मी म्हटलं, "आसा. जागा आसा. सोमवारी ये." माझ्या हातात कसलीही जागा नाही, भाई. कुठल्या दारात उभं राहून दर महिन्याला नकार घ्यायचा, तेही अजून ठरलेलं नाही. तुम्ही ते बोललात तेव्हा तुमच्या आवाजात काहीसुद्धा हललं नव्हतं, मी इतक्या वर्षांत पुन्हापुन्हा आठवून पाहिलंय. माझा मात्र हलला असावा. कारण ती म्हणाली, "खरा मगे?"

"खरा," म्हटलं मी.