लिफ्टरची दोन बोटं

३ जून २००६
डिसिजन फायनल. बडनेऱ्याच्या कुर्बान चाचांची लाइफ स्टोरी मी लिहिणार. इंडियाकडून आठ वर्षं व्हॉलीबॉल, मग रेल्वेत नोकरी, आता रिटायर. एकही पुस्तक नाही! मी कॉन्व्हेंटचा, सो इंग्लिशमध्येच. दिवाळीले पब्लिश.

४ जून
चाचांकडे फोटो पाह्यले. एकातही स्मॅश नाही, सगळीकडे हात नुसते वर. म्हटलं, कव्हरवर दुसऱ्या कोणाचा स्मॅश टाकू. चाचा हसले. म्हणे, बेटा, मी लिफ्टर. बॉल वर देनं माझं काम, मारनं दुसऱ्याचं. एका फोटोत हात पाठीमागं, बोटं काढलेली. म्हणे, कोनता बॉल देतो ते मारनाऱ्याले असं सांगाचं. बस इथं, समजावतो.
पण प्रॉपर इंटरव्ह्यू पाहिजे. लिहून ठेवलं: प्रश्न नं. ४१, बोटं.

१९ जून
प्रश्न ११२ लिहून झाले. टेपरेकॉर्डर नाही. चाचांचा फोन: मशीन राहू दे बेटा, तू ये. हलीमाबी चाचीनं भजे काढले.
क्वालिटीत नो कॉम्प्रमाइज. नाही गेलो.

७ जुलै
टायटलवरच काम करून राहिलो. अमरावतीत पेपरवाल्याले बातमी मागितली. म्हणे, शेतकऱ्यायच्या पॅकेजच्या बातम्यांनी पान फुल आहे, अन् लिफ्टर कोणाले आठवते?
इग्नोर.

१५ जुलै
दुबार पेरणी. बाबांनी भातकुलीच्या वावरात नेलं. माझा फॉल्ट नाही. चाचांचे दोन मिस्ड कॉल.

१२ ऑगस्ट
टेपरेकॉर्डर मिळाला! पण चाचांना स्ट्रोक. बोलणं बंद. बॅड लक.
पाहवेना, म्हणून दारातच उभा राहून हाक मारली. चाचा भिंतीकडं तोंड करून पडलेले. हळूच हात पाठीमागं आणला, दोन बोटं काढली. व्हिक्टरी! काय स्टाइल! मीही व्हिक्टरी केली. त्यायले दिसली नसंल. बोटं किती वेळ तशीच होती.
लास्ट चॅप्टर मिळाला. लगेच घरी, लिहायले.

१४ ऑगस्ट
चाचा गेले.

२० ऑगस्ट
चाचीले लास्ट चॅप्टर मराठीत सांगितला. ती इद्दतीत, नवरा गेल्यावरच्या चार महिन्यांच्या सुतकात, पडद्यामागून ऐकत होती. व्हिक्टरीपाशी थांबवलं. म्हणे, नाही रे श्याम. दोन बोटं म्हंजे जवळचा बॉल. मारनाऱ्यानं धावत त्यायच्यापाशी याचं.
मग म्हणे, तू दारातच काहून उभा होता?

प्रश्न नं. ४१ पुढं लिहिलं: जवळ ये.
बाकी १११ कोरे.