अडुळशाचा गुण आला

पेडगाव, तालुका परभणी
श्रावण वद्य नवमी, १९८६

राणीसावरगाव मुक्कामी भगवानराव इवाई यांच्या सेवेशी, लिंबाजीचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमची पाठ कशी हाय? इहीणबाईच्या गुडघ्याला उतार पडला का? त्या मारक्या म्हशीनं दूध चोरायचं सोडलं का? आमची सून, म्हंजे तुमची दैवशाला, पंचमीला तिकडं आली ती खुशाल असंलच. (पंचमी होऊन गेली, पोळा तोंडावर आला आन् ती अजून आली न्हाई, हे मी आपलं सहज लिहिलं. त्याच्यावर मागून येतो.) माझी शाळा निजामाच्या अमलात उर्दूत झाली, तवा मराठीत काही चुकलं तर माफी असावी.

आधी खुशखबर. माझा खोकला गेला. तुमाला ठावंच हाय, तुमच्या घरच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी खोकायला लागलो तर भटजी थांबले होते. यंदा उन्हाळ्यात त्यानं लयच जोर धरला. गावानं परस्पर टीबी ठरवून टाकला. पारावर माझी चहाची बशी वेगळी झाली. तुमचा जावई बन्सीधर मला जबरदस्तीनं परभणीला घेऊन गेला, तिथं डॉक्टर म्हणाले छातीचा फोटो काढा. फोटो म्हणल्यावर मी नवा फेटा बांधून गेलो. त्यांनी फेटा काढायला लावला, सदराबी काढायला लावला, आन् फोटो हातात आला तर त्यात माझं तोंडच न्हाई, नुसत्या फासोळ्या. पण डॉक्टर म्हणाले, टीबी न्हाई, जुनाट खोकला हाय, बिडी सोडा. इवाई, मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो तो उठायचंच विसरलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मरायची तयारी करून गेलेला माणूस येताना अर्धा किलो जिलेबी घेऊन आला.

डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, न्हाई म्हणत न्हाई. पण गुण आला तो तुमच्या अडुळशाचा. लग्नानंतर दैवशालानं तुमच्या बांधावरची फांदी आणून आमच्या न्हाणीच्या पाण्यावर लावली होती. आता त्याचं डोक्याएवढं उंच झुडूप झालंय. जबडा उघडल्यावानी पांढरी फुलं येतात, आन् शेळ्या नुसतं हुंगून फुडं जातात. (शेळी ज्याला तोंड लावीत न्हाई ते मी दोन महिने पिलो.) दैवशाला रोज सकाळी त्याची पानं तव्यावर गरम करून रस काढायची, त्यात सुंठ न् मध घालून वाटी उंबऱ्यावर ठेवायची. सासऱ्याला पी म्हणता येत न्हाई, म्हणून दाराआड उभी राहून बांगड्या वाजवायची, आन् वाटी रिकामी होईस्तोवर बांगड्या थांबायच्या न्हाईत. माझ्या बिड्या आमच्या मंडळीनं, कस्तुराबाईनं, चुलीत घातल्या. मग मी अडुळशाचंच वाळलेलं पान गुंडाळून वडलं, म्हणलं हे बी औषधच हाय. तेबी चुलीत गेलं.

आता घोळ कसा झाला ते वाचा. सासऱ्यानं दारात खाकरून मग आत यायचं, ही आपल्याकडची रीत. मला ती कधी पाळावीच लागली न्हाई, कारण माझा खोकला माझ्या फुडं चालायचा. मी पारावरून निघालो की घरी आधण चढायचं, ट्रान्झिस्टर बंद व्हायचा, शेजारची चतुराबाई ओसरीवरून उठायची, दैवशालाचा पदर डोक्यावर जायचा. खोकला गेला, आन् मी मांजराच्या पावलानं घरात शिरायला लागलो. चतुराबाई एकदा मला बघून अशी दचकली की सुपातले जोंधळे अंगणभर झाले.

पंचमीच्या आदल्या दिवशी रानातून लवकर आलो. दारात पाय ठेवला तर माझा खोकला ऐकू आला. वाटलं परत उभळला. मग ध्यानात आलं, मी बाहेर हाव आन् खोकला आत चाललाय. डोकावून बघतो तर दैवशालानं माझा फेटा बांधलेला, हातात माझी काठी, कमरेत वाकून खोकायलीय, मधीच "च्या झाला का न्हाई गं" म्हणायलीय, आन् कस्तुराबाई पोट धरून हसायलीय. (एवढ्या वर्षांत माझ्यासंगं ती अशी कधी हसली न्हाई.) खोकला हुबेहूब, शेवटच्या शिट्टीसकट. तेवढ्यात पोरीची नजर माझ्यावर पडली. तोंड पांढरंफटक झालं. मी तसाच माघारी फिरून गोठ्यात गेलो. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ न्यायला आला, ती खाली मान घालून निघाली ती निघालीच.

तर तिनं मनाला लावून घेऊ नये. माहेरपण निवांत होऊ द्या, घाई न्हाई. आमचं इकडं काही अडत न्हाई. घरातल्या थोरांना दंडवत, लेकरांच्या डोक्यावरून हात.

तुमचा,
लिंबाजी

ता. क. अडतंय. घर खायला उठलंय. कस्तुराबाई माझ्याशी बोलत न्हाई, म्हणती तुमीच पोरीला घालवली. मी रागावून गोठ्यात गेलो न्हाई, इवाई. बैलाच्या पाठीत तोंड खुपसून डोळ्यात पाणी येईस्तोवर हसलो. सासऱ्यानं सुनंसमोर हसायचं कसं, ते मला कुणी शिकवलं न्हाई. पोळ्याच्या आत तिला पाठवा. हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचा, कंसातलं सोडून.

आणखी एक. तिला म्हणावं, आता मी पारापासूनच खाकरत येतो. तिच्या वाटंकडं डोळे लावून आठ दिवस रोज सराव चालू हाय.

शेवटचं. त्या सरावानं घसा बसला आन् खोकला खरोखरचा परत आला. कस्तुराबाईनं अडुळसा उकळला तो बैलबी पिणार न्हाई. कशात काय किती घालायचं ते दैवशालालाच ठावं. फेटा तिच्या हाताला येईल अशा खुंटीला टांगून ठेवलाय.