धुऊन पाहिलेली चमक

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न.

कर्करोगाच्या पेशी शेजारच्या पेशींना जी पुडकी धाडतात, त्यांत नेमकं असतं काय, असं तुम्ही विचारलंत. बाबा, मला माहीत नाही. एवढं शिकून हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच नाही. पुडकी इतकी बारीक की नुसती दिसतही नाहीत. म्हणून मी त्यांच्या आत चमकणारं प्रथिन घातलं आणि ती जातात कुठे, एवढंच पाहिलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या निरोगी पेशी हिरव्या चमकल्या! म्हणजे पुडकी तिथे पोचली. त्यावरचा लेख स्वीकारला गेला आहे. छापून आला की पदवी, आणि जूनमध्ये मी घरी.

दिवसभर अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी असते. मंगळवारी जिन्यात पहारेकऱ्याने वेळ विचारली, तर आवाजच फुटेना. शुक्रवारपासून मी कोणाशी बोललेच नव्हते. आईला एवढं वाचून दाखवू नका.

लोभ आहेच, पत्रांनी तो पोचता ठेवा.

तुमची भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

पत्र आईने माझ्या हातून ओढून स्वतःच वाचलं, तेव्हा तुझं गुपित फुटलं. ती म्हणते, बोलायला कोणी नसेल तर भिंतीशी भांड, पण गप्प बसू नकोस. तुझी खोली आत्ताच झाडून ठेवली आहे. जूनला अवकाश आहे म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली.

मी चौथी शिकलेला रंगारी. तुझ्यापुढे अक्कल पाजळतो, हसू नकोस. आमच्याकडे सूत लाल दिसलं म्हणून कोणी लाल म्हणत नाही. आधी खळखळून धुतात. वरवर बसलेला रंग पाण्याबरोबर जातो, मुरलेला राहतो. तुझी चमक पुडक्याच्या आत आहे की बाहेरून नुसती चिकटली आहे, हे धुऊन पाहिलंस ना? पाहिलं असशीलच. कारखान्यात तुझ्या लेखाचं सगळ्यांना सांगून झालं. मुकादम विचारतो, पोरगी आता आपल्याला ओळख तरी देईल का.

प्रकृतीला जप, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे बाबा

११ मार्च

ती. बाबांस,
सा. न.

पाहिलं नव्हतं.

प्रथिनं खाऊन टाकणारं एक द्रव्य असतं. पुडक्याच्या आतल्या प्रथिनाला ते शिवू शकत नाही, बाहेरचं मात्र फस्त करतं. आधी ते घातलं, मग पुडकी निरोगी पेशींना दिली. तिसऱ्या दिवशी काळोख. माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं, मग आणखी एकदा. तिन्ही वेळा काळोखच. म्हणजे आधी मेलेल्या पेशींतून सांडलेलं, बाहेरून चिकटलेलं सुटं प्रथिनच तेवढं चमकत होतं. पुडकी पोचली की नाही, कोणालाच ठाऊक नाही.

मार्गदर्शक बाईंनी तिन्ही वेळची चित्रं पाहिली. मग म्हणाल्या, छापणाऱ्यांनी हे विचारलेलं नाही, तुलाच बरं आत्ता सुचलं! म्हटलं, वडील रंगारी आहेत. त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. लेखावर पहिलं नाव तुझं, तूच ठरव, म्हणाल्या.

उद्या या वाटेवर भरवसा ठेवून कोणी औषध शोधायला निघेल, आणि त्या औषधाची वाट बघत कोणीतरी खाटेवर पडलेलं असेल. सगळं पहिल्यापासून करायला दोन वर्षं तरी लागतील. तुमच्या उत्तरासाठी थांबणार होते. पण आईने एक ओळ जरी लिहिली असती, तर माझा धीर सुटला असता. तिला तुम्हीच सांगा, जूनमध्ये जमणार नाही.

रागावलात तरी लिहीत राहा. लेख आज सकाळी मागे घेतला.

तुमची भिंगरी