कु. बाळ आणि कु. केतकी ही एकच मुलगी असल्याबाबत, दोन कॅमेऱ्यांच्या साक्षीने

प्रति,
मा. बालक छायाचित्र नोंदणी अधिकारी,
तालुका नोंदणी कक्ष, जळगाव.

अर्जदार : सौ. ज्योत्स्ना हितेंद्र नारखेडे, व्यवसाय लग्नाची फोटोग्राफी, रा. असोदा, ता. जि. जळगाव.

विषय : माझ्या एकुलत्या एका मुलीची 'जुळी' म्हणून झालेली नोंद दुरुस्त करून दि. १७ नोव्हेंबरच्या आत एकच ओळखपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, 'दुसरे बालक हजर करणेबाबत'.
२) आपले पत्र, 'गालावरील ठशाच्या वयाबाबत खुलासा मागविणेबाबत'.
३) माझे यापूर्वीचे चार अर्ज.

महोदय,

सविनय सादर करते की, मला मुलगी एकच आहे. ती या क्षणी माझ्या मांडीवर झोपलेली आहे आणि मी मोजून पाहिले आहे.

१. मुलीचा जन्म ९ जून रोजी माझ्या माहेरी, धुळ्यात देवपूरला झाला. अकराव्या दिवशी मी माझ्या कॅमेऱ्याने तिचा पहिला फोटो काढला. माझे यजमान हितेंद्र यांनी तो असोद्याहून त्याच संध्याकाळी आपल्या कक्षाकडे पाठवला. बारसे व्हायचे होते, म्हणून नावाच्या जागी 'कु. बाळ' लिहिले. दुसऱ्या दिवशी बारसे झाले, केतकी नाव ठेवले. माझा भाऊ अमृत यानेही फोटो काढला, त्याच्या कॅमेऱ्याने, आणि मामाचा उत्साह म्हणून परस्पर आपल्याकडे पाठवला. त्याने 'नावात दुरुस्ती' या रकान्याऐवजी 'नवीन नोंद' हा रकाना भरला. चूक एवढीच. दोघांनीही प्रेमाने केली, म्हणून कोणाला रागावताही आले नाही.

२. आपल्या संगणकाने दोन्ही फोटो ताडून 'जुळणी ४१ टक्के, बालके भिन्न' असा शेरा दिला. जन्मतारीख एक, आई एक, म्हणून जुळी. शेऱ्यात तीन कारणे आहेत : त्वचेचा पोत भिन्न, वर्ण भिन्न, तीळ भिन्न गालावर. मी नऊ वर्षे या धंद्यात आहे, म्हणून क्रमाने खुलासा करते.

३. माझा कॅमेरा आणि अमृतचा कॅमेरा एकाच कंपनीचे, एकाच घराण्यातले आहेत. माझा आधीच्या पिढीचा, बारा वर्षांपूर्वीचा, भुसावळच्या मोतीलालभाऊंकडून जुना घेतलेला. अमृतचा त्याच्या नंतरच्या पिढीचा, या वर्षी घेतलेला. बाळंतिणीच्या खोलीत एकच झिरोचा बल्ब होता. तान्ह्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, हा माझा नियम आहे. म्हणून दोन्ही वेळा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची ताकद, ६४०० पर्यंत वाढवावी लागली. इतक्या कमी उजेडात माझ्या कॅमेऱ्यात गालावर लाल-हिरवे दाणे येतात, रवा सांडल्यासारखे. जावळ म्हणजे नुसता एक काळा ठिपका. फोकस डोळ्यावर लावला होता, तो दुपट्याच्या काठावर बसला. अमृतचा कॅमेरा डोळा आपला आपण शोधतो. त्याच आयएसओला त्यात जावळाचा केस न् केस सुटा दिसतो, नाकावरचे दुधाचे पांढरे दाणे मोजता येतात (सात आहेत), आणि कानामागे सोलत असलेली कातडीसुद्धा. सावलीतला भाग उजळला तर माझ्या फोटोत चिखल होतो, त्याच्या फोटोत दुपट्याची शिवण निघते. पोत भिन्न आहे तो सेन्सरचा. गाल तोच आहे, मी रोज धुते.

४. वर्णाबद्दल. माझ्या कॅमेऱ्याला पिवळ्या बल्बखाली माणूस तांबूस दाखवायची खोड आहे. नव्या पिढीत ती सुधारली आहे. आमच्या घरीही या मुद्द्यावर एकमत नाही. माझ्या सासूबाई मंदाबाई जुनाच फोटो खरा मानतात. "याच्यात आमच्यावर गेली व माय. त्या नव्यात पार धुयाकडची दिसते." धुयाकडची म्हणजे धुळ्याची, माझ्या माहेरची. नवा फोटो त्यांनी देव्हाऱ्याजवळ लावू दिलेला नाही. हे कौटुंबिक मत आहे, कृपया पुरावा म्हणून घेऊ नये.

५. तिळाबद्दल. महोदय, तो तीळ नाही. ती तीट आहे, दृष्ट लागू नये म्हणून लावलेली काजळाची. अकराव्या दिवशी घरात बाहेरचे कोणी नव्हते, म्हणून मी डाव्या गालावर करंगळीने बारीकशी लावली. बारशाला पाहुणे भरपूर होते, म्हणून माझी आई भिकुबाई हिने उजव्या गालावर अंगठ्याने चांगली ठसठशीत लावली. जुन्या कॅमेऱ्यात ती दाण्यांत मिसळून तिळासारखी दिसते. नव्या कॅमेऱ्यात फोटो पूर्ण मोठा केला तर काजळात अंगठ्याच्या रेषा दिसतात.

हे मी मोठ्या आनंदाने आपल्या कक्षाला कळवले आणि पुराव्यासाठी आईला धुळ्याहून आणून तिचा अंगठा दिला. तो तंतोतंत जुळला. आई तिथेच म्हणाली, "हाई त एकच शे. बठ्ठा देवपूरले माहीत शे." म्हणजे, ही एकच आहे, सगळ्या देवपूरला माहीत आहे. परंतु नंतर संदर्भ क्र. २ चे पत्र आले, की कु. केतकी हिच्या गालावरील ठसा एकसष्ट वर्षांच्या महिलेचा असल्याने बालकाच्या वयाबाबत खुलासा करावा. खुलासा असा की बालक पाच महिन्यांचे आहे. एकसष्ट वर्षांचा फक्त अंगठा आहे.

६. संगणकाची परीक्षा घ्यावी म्हणून मी दोन्ही कॅमेरे घेऊन आपल्या कक्षात आले होते. लिपिक श्री. जीवराम यांना त्यांच्याच खुर्चीत बसवून, लेन्स तीच, उजेड तोच, एका मिनिटात दोन फोटो काढले. जुळणी ३८ टक्के आली, म्हणजे माझ्या मुलीपेक्षाही कमी. त्यांनी घाईने स्क्रीन बंद केली आणि म्हणाले, "ताई, हे बाहेर सांगू नका. मला रजा एकाचीच मिळते." त्यांची नोकरी दुखावू नये, म्हणून ते फोटो मी जोडत नाही, परंतु जपून ठेवले आहेत.

७. एवढा आटापिटा कशासाठी, तेही सांगते. लग्नसराई सुरू होत आहे. हळदीच्या खोलीत, नवरीकडच्या बायकांत हितेंद्रना जाता येत नाही, ते फोटो मीच काढते. पहिली हळद १९ तारखेला भुसावळला आहे. जळगावच्या पाळणाघरात केतकीसाठी एक जागा १७ तारखेपर्यंत राखून ठेवली आहे. परंतु जुळ्यांना एकत्रच घ्यायचे असा त्यांचा नियम आहे, आणि दुसरी जागा रिकामी नाही. तिथल्या झुंबरबाई मला म्हणाल्या, "एकीला घेतलं न् एकीला ठेवलं, तर दुसरीला काय वाटेल?" मी म्हटले, दुसरीला काही वाटत नाही, ती नाहीच. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मला मीच कशीतरी आई वाटले.

पाच महिने तिला सोडून मी कुठे गेले नाही, आणि जाताना माझेही पाय निघणार नाहीत, हे इथे लिहिण्याची गरज नव्हती. परंतु माझा हात कॅमेऱ्याशिवाय राहत नाही, हेही तितकेच खरे आहे.

८. गेल्या सोमवारी श्री. जीवराम यांनी उपाय म्हणून मला 'बालकाची नोंद रद्द करणे' हे प्रपत्र दिले. त्यात कारणाचे तीन रकाने आहेत : मृत, दत्तक दिले, स्थलांतरित. 'मुळात दोन नव्हतेच' असा रकाना नाही. ते चांगल्या मनाने म्हणाले, "पहिल्यावर टिक मारा ताई, लगेच होतं. कागदावरच तर आहे."

महोदय, मी पेन उघडले होते. प्रपत्राच्या कोपऱ्यात त्यांनी कु. बाळ हिचा फोटो चिकटवला होता. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात खराब फोटो. हात हललेला, गालावर रवा, डोळ्यांऐवजी दुपटे स्पष्ट. मी तिचा काढलेला पहिला. नव्या कॅमेऱ्यात तिच्या नाकावरचे सात दाणे दिसतात, पण ते अमृतने पाहिलेले आहेत. या फोटोत जेवढे दिसते, तेवढेच त्या खोलीत त्या दिवशी मला दिसत होते, कारण माझेही डोळे भरलेले होते. त्याच्यासमोर 'मृत' ही खूण माझ्याने होणार नाही. सुधारित पिढीचा कॅमेरा आला म्हणून आधीच्या पिढीतले लेकरू मारता येत नाही.

दत्तकही मी कोणाला दिलेली नाही.

म्हणून नीट विचार करून मी तिसरा रकाना भरला आहे. तो खोटा नाही, अशी माझी खात्री आहे. भरलेले प्रपत्र सोबत आहे. तरी ते मान्य करून १७ तारखेच्या आत एका मुलीचे एक ओळखपत्र द्यावे. त्यावर फोटो कोणताही लावा. ओळखचिन्हाचा रकाना मात्र कोरा ठेवावा, तीट रोज पुसली जाते.

हा अर्ज तीन दुपारी, ती झोपली तेवढ्या वेळात लिहिला आहे. मध्येच शाईचा रंग बदलला आहे, तिथे ती उठली होती. दुसऱ्या पानावरचा डाग दुधाचा आहे, त्याबाबत खुलासा मागवू नये.

एका मुलीची आई,
आपली नम्र,
(सही)
सौ. ज्योत्स्ना हितेंद्र नारखेडे
असोदा, दि. १२ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) फोटो, आधीच्या पिढीचा कॅमेरा, अकरावा दिवस.
२) फोटो, नंतरच्या पिढीचा कॅमेरा, बारावा दिवस.
३) श्रीमती भिकुबाई यांचा अंगठा, काजळासह.
४) भरलेले प्रपत्र, पुढीलप्रमाणे :
बालकाचे नाव : कु. बाळ.
रद्द करण्याचे कारण : स्थलांतरित.
कोठून : कु. बाळ या नावातून.
कोठे : कु. केतकी या नावात.
प्रवासास लागलेला काळ : एक दिवस.
सोबत कोण होते : आई.
सध्याचा पत्ता : आईची मांडी.