रेमिहिओचं फुप्फुस

कोलोनिया सांता इनेस,
९ मार्च १९९४

ति. ओलिंदाताईस,
रेमिहिओचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि विणलेले हातमोजे मिळाले. लोकर छान आहे, पण दोन्ही मोजे डाव्या हाताचे निघाले. माझा उजवा हात तू निकालात काढलास की काय, अशी शंका आली.

तशी तू फार चुकलेली नाहीस. रेल्वेचं वर्कशॉप बंद झाल्यापासून घरामागच्या शेडमध्ये गावातले ट्रक आणि ट्रॅक्टर दुरुस्त करून माझं बरं चाललं होतं. आता उजवं मनगट झिजलंय. डॉक्टर म्हणतात, जोर लावायचा नाही. चाकाचे गंजलेले नट विनंती केली की सुटतात, असं त्यांना वाटत असावं. म्हणून हवेवर चालणारा पाना घेतला. तो नुसता धरायचा, जोर तो लावतो. पण त्याला हवा पुरवायची कुणी? आईच्या जुन्या फ्रिजची मोटर काढून मी गॅसच्या रिकाम्या टाकीला जोडली. आवाज मांजराच्या घुरघुरीएवढा, आणि हवाही तेवढीच. एक नट सुटतो, मग टाकी भरेपर्यंत मी मातेचा कडू चहा पीत बसतो. एक चाक निघेपर्यंत किटली रिकामी होते. शिवाय ती टाकी, म्हणजे आम्ही मेकॅनिक जिला फुप्फुस म्हणतो ती, हवेतल्या दमटपणाचं पाणी साठून आतून गंजत चाललीय.

तर रोसारिओत खिशाला परवडेल असा कॉम्प्रेसर बघ. दुकानदार घोडे मोजून दाखवतील, इतक्या हॉर्सपॉवरचा आणि तितक्या हॉर्सपॉवरचा. भुलू नकोस. टाकीच्या आकारालाही भुलू नकोस. पान्याला लागतो त्या दाबावर मिनिटाला हवा किती देतो, एवढंच विचार. आणि घरच्या साध्या विजेवर चालायला हवा.

नाहीच मिळाला, तर शेडला कुलूप लावून तुझ्याकडे येईन. भावोजी गेल्यापासून तू बोलावतेच आहेस. पण ताई, मला इथे राहायचंय आणि काम करायचंय.

माया आहे तशी असू दे, फक्त आता एक उजवा मोजा पाठव.

तुझा,
रेमिहिओ

रोसारिओ,
२ एप्रिल १९९४

चि. रेमिहिओस अनेक आशीर्वाद.

तुझ्यापायी शहरातली निम्मी दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातल्या पोरगेल्या सेल्समनने विचारलं, किती घोडे हवेत. मी सांगितलं की मला शर्यतीला जायचं नाही, हवा विकत घ्यायची आहे. मिनिटाला किती देतो ते विचारलं, तर तो छताकडे बघायला लागला आणि मग म्हणाला की घरातल्या पुरुषमाणसाला पाठवा. पुरुषमाणूस दफनभूमीत आहे, चौथ्या रांगेत विचारा, असं सांगून मी बाहेर पडले.

एक बिनतेलाचा पाहिला. स्वस्त, हलका, दिसायला गोंडस. चालू केला तसं दाराशी झोपलेलं कुत्रं रस्ता ओलांडून पळालं. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना तू हा लावलास, तर शेजारची देल्मिरा भिंतीवरून चप्पल फेकेल आणि मी तिची बाजू घेईन. दुसऱ्याचं पोट एवढं मोठं आणि तोंड चिमणीचं, म्हणजे तुझ्या फ्रिजचाच थोरला भाऊ. तिसऱ्याला कारखान्याची वीज लागते. पट्ट्यावर फिरणारा, तेलाचा, बिडाच्या डोक्याचा एक होता, तो मला पटला. त्याची किंमत मात्र आपल्याला पटणारी नाही.

थोडक्यात, अजून काही जमलेलं नाही. मागच्या खोलीला रंग दिलाय. एकटीसाठी रांधायचा कंटाळा येतो, म्हणून मी रात्री पाव खाऊन झोपते. तुला ओढून आणायला हे लिहीत नाहीये असं म्हणणार होते, पण त्यासाठीच लिहितेय.

मनगट शेकत जा, आणि बहिणीवरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ओलिंदा

कोलोनिया सांता इनेस,
१८ मे १९९४

ओलिंदास,
देल्मिराचा स. न. वि. वि.

घाईने लिहितेय, अक्षर समजून घे. तुझा भाऊ तुझ्यापासून लपवणार, म्हणून मलाच लिहावं लागतंय. रेमिहिओचं फुप्फुस गेलं गं.

मी काही कान लावून बसले नव्हते. त्याच्या त्या मोटरचा आवाज होत नाही आणि आमच्यामधली भिंत ही एवढीशी. कोणी परगावचा ट्रकवाला आला होता. त्याला हा सांगत होता की फुप्फुसाला आतून भोकं पडायला आलीत, रोज सकाळी त्यातलं पाणी काढतो ते तांबडं निघतं, ठिगळ लावून उपयोग नाही, एक दिवस फुटेल आणि मलाही सोबत नेईल. आणि हे सगळं शीळ घालत. वर म्हणतो, कुणाचं वापरलेलं मिळालं तरी बसवून घेईन. रोसारिओत हल्ली वापरलेलं बसवतात का? माझा मुलगा म्हणतो, बसवत असतील.

गावाने फार मनाला लावून घेतलंय. पाद्रीबाबांनी रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना सांगितली. हा चर्चची पायरी चढत नाही, म्हणून त्याला पत्ता नाही. रोज कुणीतरी सूप पोचवतं. ट्रक मात्र सगळे शेजारच्या गावी नेतात. मरणाऱ्या माणसाला काय नट सोडायला लावायचे? लोक कामं का आणत नाहीत, असं तो मला विचारतो, मी विषय बदलते. सूप मात्र चाटूनपुसून खातो बिचारा.

आता एकच विचारते. त्याला तुझ्याकडे आणू का? माझ्या मुलाची गाडी आहे. तू नुसतं हो म्हण, नको म्हणाला तरी आम्ही त्याला उचलून आणतो.

देव तुला बळ देवो, आणि वाईट बातमी मी दिली म्हणून आपल्यात अंतर नको.

तुझी,
देल्मिरा

रोसारिओ,
६ जून १९९४

देल्मिरास,
ओलिंदाचा स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. फुप्फुस म्हणजे त्याची हवेची टाकी. ती लोखंडाची आहे आणि गंजलीय. माझ्या भावाचं स्वतःचं फुप्फुस तुझ्यामाझ्यापेक्षा धडधाकट आहे. पाद्रीबाबांना सांग, प्रार्थना फुकट गेली नाही, टाकी अजून फुटलेली नाही.

हे उत्तर उशिरा येतंय, त्याचं कारण तुला सांगते. हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मला काहीच करायचं नाही. नुसतं गप्प बसायचं. गाव त्याला काम देणार नाही, आणि हा नुकता लागलेला हिवाळा संपायच्या आत तो बॅग घेऊन माझ्या दारात उभा राहील. म्हणून मी गप्प बसले. मला तो इथे हवाय, देल्मिरा, फार हवाय. घरात दुसरं माणूस खोकलं तरी मला बरं वाटेल. पण मग तो माझ्या मागच्या खोलीत हात मांडीवर ठेवून दिवसभर बसलेला डोळ्यांपुढे यायला लागला, आणि मी उठून कोट घातला.

एका सुताराने धंदा बंद केला होता, त्याच्याकडे पट्ट्यावरचा, बिडाच्या डोक्याचा कॉम्प्रेसर मिळाला. वापरलेला आहे, पण टाकी पाण्याचा दाब देऊन तपासलेली आहे. घरच्या विजेवर चालतो आणि नव्याच्या निम्म्यात आला. कागदावर मी विश्वास ठेवला नाही. पाना लावून सुताराला त्याच्याच ट्रकच्या चाकांचे नट न थांबता सोडायला लावले. ट्रक ठोकळ्यांवर उभा राहिला, तेव्हा मी पैसे दिले.

गुरुवारच्या मालट्रकने तो निघेल. उतरवायला तुझ्या मुलाला पाठव, आणि गावाला खरं काय ते सांग. मधलं जे लिहिलंय ते मात्र त्याला सांगू नकोस, नाहीतर तो काम टाकून येईल.

शेजारधर्म पाळतेस तसा पाळत राहा, एवढीच मागणी.

तुझी,
ओलिंदा

कोलोनिया सांता इनेस,
२७ जून १९९४

ति. ओलिंदाताईस,
रेमिहिओचा सा. न. वि. वि.

यंत्र पोचलं. उतरवायला निम्मं गाव आलं होतं, बहुधा मी जिवंत आहे का ते बघायला. सगळा घोळ देल्मिराने सांगितला. सूप बंद झालंय, तेवढंच एक नुकसान. दुपारी गाव झोपतं तेव्हा यंत्र बंद ठेवतो आणि रोज टाकीतलं पाणी काढतो. कालच मालवाहू ट्रकची मागची सगळी चाकं एका दमात उतरवली. मनगटाला कळलंही नाही. ताई, मी पुन्हा माणसात आलो.

एक गोष्ट मनात होती, ती आता लिहून टाकतो. मला वाटायचं, तुला एकटीला करमत नाही, मी खरंच तिकडे हवाय. तुझं मन मोडवेना, म्हणून हिवाळा संपला की कॉम्प्रेसर मिळो न मिळो, तुझ्याकडे यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. मग हे धूड आलं. एवढी पायपीट करून एवढं लोखंड पाठवणारी बहीण भावाची वाट बघत नसते, हे माझ्या ध्यानात आलं. तू आपली रीत म्हणून बोलावत होतीस, आणि मी ते खरं धरून बसलो होतो. फार मोकळं वाटलं.

देल्मिराला हे सांगितलं, तर ती हातातलं काम तसंच टाकून घरात निघून गेली.

दुरूनही माया पुरते, हे तूच दाखवलंस, तेव्हा ती अशीच पोचत राहू दे.

तुझा,
रेमिहिओ