एकच ग्लास

२८ डिसेंबर

फिलोमिना दारात टपकली. चहा ओतेपर्यंतही दम नाही! "अ‍ॅट्रॅक्टा, यंदा बायकांच्या नाताळाला डिंफ्नालाही बोलवू या गं. सख्खी बहीण तुझी."

म्हटलं, खुशाल बोलवा. मग गरम व्हिस्की कोण करणार तेही बघा. एकोणीस वर्षं या नाताळाला, म्हणजे सहा जानेवारीला, गावच्या हॉलमध्ये किटलीपाशी मी उभी असते. त्या दिवशी नवरे घरी स्वयंपाक करतात (म्हणजे चिप्स विकत आणतात), बायका बसून पितात. मी थेंबही घेत नाही. बाराव्या वर्षी बिशपसमोर दारू न पिण्याची शपथ घेतली, तिचा बिल्ला अजून कोटावर आहे.

२९ डिसेंबर

सहा वर्षं झाली. भर हॉलमध्ये डिंफ्ना म्हणाली, "तू आईची सेवा नाही केलीस ताई, पहारा केलास." तिच्या पोटात एक ग्लास होता. एकच! मीच दिलेला. एका ग्लासाने कुणाची शुद्ध जात नाही. म्हणजे मनातलंच बोलली. तेव्हापासून चर्चमध्ये ती डावीकडे, मी उजवीकडे. ती आली तर मी नाही. संपलं.

१ जानेवारी

गावात नवीन आलेली ती जॅसिंटा – कॉर्क शहरात पब चालवायची म्हणे – हिला आता 'कॉकटेल' हवंय. ग्लासात रोझमेरीची फांदी, वर धूर! प्यायचं की शवपेटीवरून फिरवायचं?

लिंबाच्या चकतीत पाच लवंगा टोचा. चमचाभर साखर. काच तडकू नये म्हणून ग्लासात चमचा उभा. वाटीभर व्हिस्की, वर उकळतं पाणी. यात शिकण्यासारखं काय आहे? शिकायचा तो संयम. एका ग्लासात फिलोमिना रडते, दुसऱ्यात डॉक्टरीणबाई टेबलावर चढून गातात. आमच्या शाळेतल्या नन्सनी यांना ताळ्यावर आणलं असतं!

४ जानेवारी

जॅसिंटा आणि फिलोमिना कृती बघायला आल्या. दाखवली.

"हे काय?" जॅसिंटाने विचारलं.

"माप." आईची वाटी. ती हंसिणीचं उकडलेलं अंडं यात ठेवून खायची.

बाईने पर्समधून पबातलं एका पेगचं स्टीलचं माप काढलं. माझी वाटी पाण्याने भरली आणि त्यात ओतली. एकदा. दोनदा. तीनदा. तरी उरलंच!

"अगं बाई! मी एका ग्लासात एवढं ओतलं असतं तर माझं लायसन गेलं असतं!"

फिलोमिना खिडकीबाहेर बघायला लागली. एरवी तिथे बघण्यासारखं काही नसतं.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे. पण सांगितलं असतं तर तू कमी केलं असतंस ना!"

एकोणीस वर्षं! आणि मी त्यांना संयम शिकवत होते.

त्या गेल्यावर हिशेब केला. म्हणजे त्या दिवशी डिंफ्नाच्या पोटात एक नव्हता. तीनच्या वर होते.

५ जानेवारी

सकाळी डिंफ्नाला फोन केला. वाटीचं सगळं सांगितलं. म्हटलं, तू नाही बोललीस, व्हिस्की बोलली. मिटलं.

"नाही ताई," ती म्हणाली. "व्हिस्कीने धीर दिला. बोलले मीच."

मी फोन ठेवला नाही. तिनेही नाही.

"उद्या किती वाजता येऊ?"

साडेसहाला ये म्हटलं. बाकीच्या सातला येतात.