घोडी न्यायला आलेली बाई

आई, धुळवडीच्या त्या दुपारी तू आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या तव्यावर गरम करत होतीस आणि बाबांचे ऑफिसातले एक सहकारी दारात उभे राहिले. तोंडाला गुलाल, केसांत हिरवा रंग, त्यामुळे मला आधी वाटलं की ते रंग खेळायलाच आलेत. त्यांनी चपला काढल्या नाहीत. ‘‘भाभीजी, घबराइए मत,’’ म्हणाले, आणि मग जे सांगितलं ते मला स्वयंपाकघरातून नीट ऐकू आलं. साहेबांच्या बंगल्यावर सगळे जमले होते, पिणं झालं होतं, आणि बाबा स्वतः गाडी चालवत परत निघाले. अजमेरी गेटच्या अलीकडे त्यांनी एका टांग्याला मागून धडक दिली. टांगा उलटला. पोलिसांनी बाबांना ठाण्यात नेलं, डॉक्टरला बोलावून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला लावला, सरळ रेषेत चालून दाखवा म्हणून सांगितलं. बाबांना ते जमलं नाही.

मी तेव्हा सातवीत होते. जयपूरला येऊन आम्हाला दोन-तीन वर्षं झाली असतील. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, तुझं बोलणं अजून पक्कं साताऱ्याचं, आणि हिंदी बोलायची वेळ आली की तू मराठीलाच ‘है’ जोडायचीस. ते गृहस्थ सांगत होते की ठाणेदार ओळखीचे आहेत, रंग अंगावर पडल्यामुळे घोडी बिथरली आणि टांगाच गाडीवर आला असं लिहून घेतील, तुम्ही फक्त चला आणि जामिनावर सही करा. तू कोळशाच्या शेगडीवरचा तवा फडक्यानं उचलून खाली ठेवलास. ‘‘टांगेवाला किधर है?’’ असं विचारलंस. ते जरा गोंधळले. म्हणाले, मोठ्या दवाखान्यात. ‘‘तो पहले उधर जायेंगे.’’

दवाखान्याच्या व्हरांड्यात टांगेवाला खाटेवर पडलेला दिसतो मला अजून. पाय फळीला बांधलेला, डोळे मिटलेले. शेजारी त्याची बायको घुंघट ओढून उकिडवी बसलीय. तू तिच्यासमोर जाऊन फरशीवर बसलीस, तुझी नऊवारी तशीच त्या ओल्या फरशीवर, आणि म्हणालीस, ‘‘गाडी मेरे आदमी की थी. वो दारू पिया हुआ था.’’ ती बाई ओरडेल, मारेल, असं मला वाटत होतं. तिनं फक्त घुंघट आणखी खाली ओढला. टांगेवाल्यानं मात्र डोळे उघडले आणि विचारलं, ‘‘घोड़ी कठै है?’’ घोडी कुठं आहे, तिला पाणी पाजलंय का, कुठं लागलंय का, हे त्याला कुणी सांगत नव्हतं. पोरं तिच्यावर रंग टाकतील, ती बुजेल, रस्त्यावर पळत सुटेल, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला. तू उठलीस. ‘‘मैं लाती है,’’ म्हणालीस. त्याची बायको आपल्या मागोमाग निघाली.

घोडी ठाण्याच्या आवारात लिंबाला बांधलेली होती, आणि आत बाकावर बाबा बसले होते. शर्टावर रंग, चष्म्याची एक काच तडकलेली. तुला बघून ते अर्धवट उठले आणि म्हणाले, ‘‘आलीस?’’ तू म्हणालीस, ‘‘मी घोडी न्यायला आलेय.’’ ठाणेदाराला हसू आलं. तो चांगला माणूस होता, निदान आपल्याशी तरी चांगला वागला. घोडी टांगेवाल्याच्या बायकोनं न्यावी असं त्यानं सांगितलं, आणि मग जबाबाची गोष्ट काढली. घोडी बिथरली, एवढंच बाबांनी म्हणायचं, बाकी तो बघून घेईल. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. तू मराठीत बोललीस, म्हणजे तिथं आपल्याखेरीज कुणाला कळणार नव्हतं. ‘‘तुम्ही काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी दवाखान्यात खरं सांगून आलेय.’’

बाबा बाकावरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘घोड़ी का कोई कसूर नहीं था. मैंने पी रखी थी.’’ ठाणेदारानं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि लिहिलं.

पुढं व्हायचं ते झालं. कोर्टात दंड झाला, लायसन्स गेलं, ठरलेली बढती दुसऱ्याला मिळाली. गाडी विकून नवा टांगा करून दिला. टांगेवाल्याचा पाय प्लास्टरमध्ये होता तोवर घोडीचं चारापाणी बाबा करायचे, तुझ्या सांगण्यावरून. सकाळी ऑफिसला जायच्या आधी सायकलच्या कॅरियरला हिरव्या चाऱ्याचा भारा बांधून ते निघत, आणि शेजारचे दात घासताघासता बघत राहत. सुरुवातीला घोडी त्यांना जवळ येऊ देत नसे, नंतर देऊ लागली. टांगेवाला लंगडत का होईना, पुन्हा टांग्यावर बसला. त्याची बायको आपल्याशी अखेरपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि तूही तिच्याकडून तशी अपेक्षा केली नाहीस. बाबांनी दारू सुटल्याचं कधी म्हटलं नाही. काही वर्षांनी ते घरात बसून थोडी घेऊ लागले, पण गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

एकदा जेवताना त्यांनी तुला विचारलं होतं, ‘‘त्या दिवशी आधी माझ्याकडे का नाही आलीस?’’ तू त्यांच्या पानात आमटी वाढत होतीस. ‘‘तुम्ही बसलेले होता,’’ म्हणालीस. ‘‘तो पडलेला होता.’’ बाबांनी आमटीत भात कालवला. त्यांना ते पटलं असावं. मलाही पटलं, आणि आजवर ज्यांना ज्यांना मी ही हकिकत सांगितली त्यांनाही पटलं. सगळे तुझं कौतुक करतात. मीही त्यात मान डोलावते.

पण आई, ठाण्यात जबाब लिहून झाल्यावर तू घोडीचं दावं सोडायला बाहेर गेलीस तेव्हा मी आत बाबांपाशी थांबले होते. त्यांनी तडकलेला चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ते तू पाहिलं नाहीस. हे तुला तोंडावर सांगायचं धाडस मला कधी झालं नाही, आणि आता तू नाहीस, हा कागद कुठं पाठवायचाही नाही, म्हणून लिहिते. तुझ्या जागी मी असते, तर आधी बाबांकडे गेले असते. आजही जाईन.